'ला स्त्रादा' बघून कोण कुणासाठी रडतं

एकच सिनेमा, आणि तो बघून एक माणूस म्हणतो माझा आयुष्यातला सगळ्यात आवडता, दुसरा म्हणतो ही बाईला मारणाऱ्या माणसाची वकिली आहे, तिसरा म्हणतो रडलो पण का रडलो कळलं नाही. इटालियन दिग्दर्शक फेलिनीच्या 'ला स्त्रादा'बद्दल हे सत्तर वर्षं चालू आहे. सिनेमा चांगला की वाईट हा माझा विषय नाही (चांगला आहे, खूपच), मला हे बघायचंय की लोकांच्या प्रतिक्रिया एवढ्या फाटतात कुठे. माझं मत आधीच सांगून टाकतो. भांडण वास्तववादाचं वगैरे कधीच नव्हतं, भांडण आहे शेवटची दोन मिनिटं सिनेमाने कुणाला दिली याचं. पुढे सगळी गोष्ट उघड करणार आहे, ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी बघून या.

गोष्ट थोडक्यात अशी. झांपानो हा रस्त्यावर खेळ करणारा पैलवान, छातीभोवती लोखंडी साखळी गुंडाळायची आणि श्वास भरून तिची कडी तोडायची, एवढा एकच खेळ त्याला येतो आणि तोच तो गावोगाव करत फिरतो. मोटारसायकलला जोडलेली झाकलेली गाडी, तेच घर. त्याच्यासोबत असलेली रोझा मेली म्हणून तो तिच्या गरीब आईकडे येतो आणि दहा हजार लिरा देऊन तिची धाकटी बहीण जेल्सोमिना घेऊन जातो. जेल्सोमिना जरा वेगळीच, भोळी, लोक तिला अर्धवट म्हणतील अशी. तो तिला ढोल वाजवायला आणि 'झांपानो आला हो' असं ओरडायला शिकवतो, चुकली की झाडाची फोक तिच्या पायावर. मग एका सर्कशीत तारेवर चालणारा इल मात्तो भेटतो, त्याचं आणि झांपानोचं जुनं वाकडं. पुढे झांपानोच्या हातून तो मरतो, जेल्सोमिनाचं डोकं फिरतं, आणि एका थंडीच्या दिवशी ती झोपलेली असताना झांपानो तिला रस्त्याकडेला सोडून निघून जातो. काही वर्षांनी दोरीवर कपडे वाळत घालणारी एक बाई, जेल्सोमिना ट्रम्पेटवर वाजवायची तीच धून गुणगुणताना त्याला ऐकू येते, तेव्हा कळतं की ती केव्हाच मेली. रात्री तो दारू पिऊन मारामारी करतो, मला कुणाची गरज नाही म्हणून ओरडतो, आणि समुद्रकिनाऱ्यावर वाळूत कोसळून रडतो. संपला सिनेमा.

आता पहिला प्रेक्षक. सप्टेंबर 1954, व्हेनिसचा चित्रपट महोत्सव. त्या वर्षीची यादी बघितली तर आज डोळे पांढरे होतात, रौप्य सिंह चौघांना मिळाला, कुरोसावाचा 'सेव्हन सामुराय', मिझोगुचीचा 'सान्शो', एलिया कझानचा 'ऑन द वॉटरफ्रंट' आणि 'ला स्त्रादा'. सुवर्ण सिंह, म्हणजे पहिलं बक्षीस, मिळालं 'रोमिओ अँड ज्युलिएट'ला, जो आज कुणी बघतसुद्धा नाही, असो. पण खरी आग लागली ती दुसऱ्या इटालियन दिग्दर्शकाच्या, विस्कोन्तीच्या 'सेन्सो'ला काहीच मिळालं नाही म्हणून. फेलिनी बक्षीस घ्यायला उभा राहिला तेव्हा विस्कोन्तीचा असिस्टंट शिट्टी वाजवायला लागला आणि फेलिनीचा असिस्टंट त्याच्या अंगावर धावून गेला, हाणामारीच झाली. शिट्टीवाला होता फ्रांको झेफिरेल्ली, जो नंतर स्वतः मोठा दिग्दर्शक झाला. म्हणजे या सिनेमाला सार्वजनिकरीत्या मिळालेल्या पहिल्या प्रतिक्रियांपैकी एक ही शिट्टी होती, आणि ती सिनेमा बघून आलेली नव्हती, दुसऱ्या सिनेमाच्या प्रेमातून आलेली होती.

पण ती नुसती दोन कंपूंची मारामारी समजू नये. त्या वेळच्या इटलीतल्या डाव्यांचा राग समजून घ्यायला हवा, कारण तो राग आला कुठून हे कळलं नाही तर ते नुसते आडमुठे वाटतात. युद्धानंतर 'रोम ओपन सिटी', 'बायसिकल थीव्ह्ज' असे सिनेमे आले, खरी गरिबी, खरे रस्ते, कित्येकदा ॲक्टिंग न शिकलेली माणसं, हाच तो वास्तववाद. 1948 च्या निवडणुकीत डाव्यांची आघाडी हरली, चर्चच्या जवळचे ख्रिश्चन डेमोक्रॅट जिंकले, आणि सरकारला हे असले सिनेमे नकोसे झाले. 1952 मध्ये 'उंबेर्तो डी' या सिनेमावरून आंद्रेओत्ती या उपमंत्र्याने त्याचा दिग्दर्शक दे सिकाला जाहीर पत्र लिहून सुनावलं की देशाची बदनामी करू नका. म्हणजे डाव्यांच्या दृष्टीने घराला वेढा पडलेला, आणि अशा वेळी घरातलाच एक जण, ज्याने दिग्दर्शक रोसेलिनीच्या हाताखाली काम केलं, त्याच्या 'रोम ओपन सिटी'च्या लेखनात हात लावला, तो उठून काय बनवतो तर साखळी तोडणारा पैलवान, चेहऱ्याला पांढरं फासलेली विदूषक मुलगी आणि दगडगोट्याचं तत्त्वज्ञान. 'चिनेमा नुओवो' मासिकाचा संपादक ग्विदो अरिस्तार्को चांगलाच तापला, त्याचं म्हणणं की ही एकट्या माणसाची जुनीच कविता आहे, स्वतःच्या दुःखात गुरफटलेली, समाजाकडे पाठ फिरवलेली.

फेलिनीने उत्तर दिलं, डाव्यांच्याच एका साप्ताहिकात जाहीर पत्र लिहून. त्यातला मुद्दा नंतर खूप गाजला, की जगात सायकलचोरांपेक्षा झांपानो जास्त आहेत, आणि एखाद्या माणसाला आपल्या शेजारी दुसरं माणूस आहे याचा शोध लागतो ही गोष्ट एखाद्या संपाइतकीच खरी आहे. वाक्य भारी आहे. पण मला इथे थोडं डाव्यांच्या बाजूनेही बोलायचंय. झांपानो असा का झाला याचं सिनेमात काहीही नाही. त्याचं लहानपण नाही, काम नाही, त्याने काय भोगलं ते नाही. जेल्सोमिनाची आई दहा हजार लिरात दुसरी मुलगी देते तेव्हा रडतेही आणि पैसे घेऊन घरात काय काय येईल तेही सांगते, दोन्ही एकाच दमात, आणि तो सीन मला अजूनही आख्ख्या सिनेमातला सगळ्यात भयंकर वाटतो, मारझोडीपेक्षाही. तिथे अरिस्तार्कोला हवा तो सगळा समाज उभा आहे. फेलिनी तो दाखवतो आणि गाडी सुरू करून निघून जातो. डाव्यांना नेमकं तिथेच थांबायचं होतं.

फ्रान्समध्ये चित्र वेगळं. 1955 मध्ये सिनेमा पॅरिसला लागला आणि तिथे तो डोक्यावर घेतला गेला. आंद्रे बाझां हा समीक्षक कॅथलिक वळणाच्या 'एस्प्री' मासिकात फेलिनीच्या बाजूने उभा राहिला, की वास्तववाद म्हणजे फक्त सामाजिक प्रश्न असं कुणी ठरवलं, माणसाच्या आतलं काही दाखवायलाही तीच नजर लागते. इटलीतले कॅथलिकही खूश, त्यांना हा पापाची आणि कृपेची गोष्ट वाटली. डावे चिडले याचं एक कारण हेही की आपला माणूस बघता बघता चर्चच्या गोटात जाऊन बसला असं त्यांना दिसलं. खूप वर्षांनी, 2013 मध्ये, पोप फ्रान्सिसनी एका मुलाखतीत सांगितलं की बहुधा हाच सिनेमा मला सगळ्यात जास्त आवडला, आणि त्यात संत फ्रान्सिसचा आडून उल्लेख आहे. म्हणजे अरिस्तार्कोसारख्या डाव्यांना जो संशय होता तो थेट व्हॅटिकनमधून खरा ठरला म्हणायचा. (वर कुठेतरी अरिस्तार्को नक्की हसत असेल किंवा चिडला असेल.)

इथपर्यंत सगळी लिहिणारी माणसं झाली. मला जास्त रस आहे तो साध्या प्रेक्षकांत.

फेलिनीने सांगून ठेवलंय की ज्युलिएत्ता मासिनाला, म्हणजे जेल्सोमिना केलेली, त्याची बायको, तिला हजाराच्या वर पत्रं आली, नवऱ्याने टाकलेल्या बायकांची, की हा सिनेमा बघून नवरा घरी परत आला. आणि जगभरातून अपंग माणसांची पत्रं आली, की सिनेमा बघितल्यावर आपलीही काही किंमत आहे असं पहिल्यांदा वाटलं. आता फेलिनी स्वतःच स्वतःला जन्मजात खोटारडा म्हणवून घ्यायचा, त्यामुळे तो हजाराचा आकडा मिठाच्या खड्यासकट घ्यावा. पण पत्रं आली असणार, कारण पत्रांत जे दोन प्रकार आहेत ते सिनेमाशी इतके फिट बसतात की कुणी घरी बसून रचले असते तर इतके नीट जमले नसते.

कसे ते बघा. नवरे परत आले ते शेवट बघून. त्यांनी स्वतःला वाळूत पडलेल्या माणसात पाहिलं, आपलंही असंच होणार या धास्तीने ते घरी गेले. आणि अपंग माणसांनी स्वतःला पाहिलं ते मधल्या एका सीनमध्ये, ज्याला सगळे दगडाचा सीन म्हणतात.

तो सीन नीट बघण्यासारखा आहे. रात्र आहे, सर्कशीत मारामारी झाल्यामुळे झांपानो जेलमध्ये आहे, जेल्सोमिना एकटी बसलीय आणि म्हणते माझा कुणालाच काही उपयोग नाही, जगून कंटाळले. इल मात्तो आधी तिची टिंगलच करतो, तुझं तोंड आहे की आर्टिचोक (तिकडची एक भाजी) म्हणतो, आणि मग जमिनीवरचा एक गोटा उचलून सांगतो की जगात जे जे आहे ते कशासाठी तरी आहे, हा गोटासुद्धा. कशासाठी? मला माहीत नाही, माहीत असायला मी देव नाही. पण हा जर निरुपयोगी असेल तर सगळंच निरुपयोगी, ते वरचे तारेसुद्धा. मासिना तो गोटा हातात घेते, बघते, मान हलवते, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला शब्दांत सांगता येत नाही, कुणी सांगायचा प्रयत्नही करू नये. कॅमेरा फार काही करत नाही, रात्रीचा अंधार आणि दोन चेहरे. त्या पत्र लिहिणाऱ्या माणसाला हा सीन काय वाटला असेल हे कळायला समीक्षा वाचावी लागत नाही.

पण, आणि हा पण मोठा आहे, त्याच सीनमध्ये इल मात्तो तिला आणखी एक गोष्ट सांगतो. झांपानो कुत्र्यासारखा आहे, कुत्रं आपल्याकडे बघतं, बोलावंसं वाटतं त्याला, पण येतं काय तर भुंकणं. त्याचं कदाचित तुझ्यावर प्रेम असेल. आणि तू त्याच्याजवळ नाही राहिलीस तर कोण राहणार? झालं. ती सर्कशीबरोबर जाऊ शकत असते, तिला तसं विचारलेलंही असतं, आणि ती जेलच्या दारात जाऊन त्याची वाट बघते.

म्हणजे ज्या सीनने कित्येकांना जगायचं बळ दिलं त्याच सीनने जेल्सोमिनाला मारणाऱ्याकडे परत पाठवलं. आजची तरुण मुलं मुली, विशेषतः मुली, हा सिनेमा बघून भडकतात ते इथेच, आणि त्यांना 'तुम्हाला त्या काळचं कळत नाही' असं सांगणारे काका लोक मला अजिबात पटत नाहीत. त्यांना बरोबर कळलंय. आपल्याकडे 'कसाही असला तरी नवरा आहे, माणूस मनाने वाईट नाही' हे वाक्य ऐकत मोठी झालेली कुठलीही मुलगी इल मात्तोचं कुत्र्याचं लेक्चर लगेच ओळखते, त्यासाठी इटालियन यावं लागत नाही. मी एकदा काही मित्रमैत्रिणींना घरी हा सिनेमा दाखवला तर एक जण त्या सीनला सरळ म्हणाली, हा इतका शहाणा आहे तर तूच घेऊन जा ना तिला. आणि खरंच, तो नेत नाही. तिला तिचं महत्त्व पटवून देतो, गळ्यातली साखळी काढून तिच्या गळ्यात घालतो, आणि गाणं म्हणत निघून जातो. तिला गोड बोलून एकटी सोडणारा पहिला माणूस तोच, झांपानो दुसरा. हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं.

मग सिनेमा त्याची वकिली करतो का? मला वाटतं नाही, पण सिनेमा तसा आरोप करायला जागा देतो हे मान्य करायला हवं. कारण मेलेली जेल्सोमिना आपल्याला दिसतच नाही. ती कशी मेली ते कपडे वाळत घालणारी बाई दोन वाक्यांत सांगते, तिच्या वडलांना ती किनाऱ्यावर सापडली, तापाने फणफणलेली, बोलायची नाही, बरं वाटलं की उन्हात बसून ट्रम्पेट वाजवायची, आणि एक दिवस उठलीच नाही. बस. आणि तिच्यासाठी रडायला जो माणूस आहे तो तिला सोडून गेलेलाच. म्हणून मी वर म्हटलं की भांडण शेवटच्या दोन मिनिटांचं आहे. जे प्रेक्षक ती दोन मिनिटं झांपानोला देतात त्यांना हा पश्चात्तापाचा सिनेमा वाटतो, आणि जे जेल्सोमिनासोबत गोट्यापाशी थांबलेत त्यांना शेवटी फसवल्यासारखं वाटतं, हिचा जीव गेला आणि अश्रू मात्र ह्याच्या नावावर.

ही विभागणी कलाकारांतही दिसते. अमेरिकन गायक-गीतकार क्रिस क्रिस्टोफरसनने सांगितलंय की 'मी अँड बॉबी मॅगी' हे गाणं लिहिताना त्याच्या डोक्यात याच सिनेमाचा शेवट होता, तिला सोडून तो मोकळा झाला आणि त्या मोकळेपणानेच त्याची वाट लावली. म्हणजे हा झांपानोवाला प्रेक्षक. दुसरीकडे सिनेमा आल्यावर मासिनाला लोक बाई चॅप्लिन म्हणायला लागले, सिनेमाचा संगीतकार नीनो रोता याची ती ट्रम्पेटची धून घराघरात गेली, 1966 मध्ये मिलानच्या ला स्काला थिएटरमध्ये त्याच्यावर बॅले झाला. हे सगळे जेल्सोमिनावाले. 1969 मध्ये ब्रॉडवेवर म्युझिकल झालं ते मात्र एका प्रयोगात बंद पडलं.

अमेरिकेत सिनेमा 1956 मध्ये पोचला, आणि परदेशी भाषेतल्या सिनेमाचं ऑस्कर जेव्हा पहिल्यांदा नीट स्पर्धा घेऊन दिलं गेलं तेव्हा ते यालाच मिळालं. 1992 च्या 'साइट अँड साउंड'च्या दिग्दर्शकांच्या मतदानात तो चौथा होता. ही बक्षिसांची यादी मी मुद्दाम आवरतो, तिच्यातून प्रेक्षकाबद्दल काही कळत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हा सिनेमा लवकर जवळचा वाटतो त्याचं कारण उघड आहे, ढोल वाजवून गर्दी जमवणारी बाई आणि मधोमध अंगमेहनतीचा खेळ करणारा बाप्या, हे डोंबाऱ्याच्या खेळात आपण पाहिलेलं असतं. पण खेळ आवडला म्हणून टाळ्या आणि नंतर टोपी फिरली की लोकांची पांगापांग, हे फेलिनी फार बारीक दाखवतो आणि ते कुठल्याच देशाचं नाही. जाता जाता, सर्कशीच्या बाबतीत मराठी माणसाचं आणि इटलीचं खरंखुरं नातं आहे. ज्युझेप्पे किआरिनी या इटालियनाची सर्कस 1879 च्या सुमारास मुंबईत आली, ती बघून कुरुंदवाड संस्थानातले घोड्यांचे उस्ताद विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये स्वतःची ग्रेट इंडियन सर्कस उभी केली. तेही प्रेक्षकच होते, फक्त जरा जास्तच पेटलेले.

आता नवीन बघणाऱ्यांची सगळ्यात कॉमन तक्रार, ओठ आणि आवाज जुळत नाहीत. बरोबर आहे, जुळत नाहीत. तेव्हा इटलीत आवाज नंतरच भरायचे, शूटिंगला जो तो आपापल्या भाषेत बोलायचा. झांपानो केलेला अँथनी क्विन आणि इल मात्तो केलेला रिचर्ड बेसहार्ट दोघेही अमेरिकेतून आलेले, त्यामुळे त्यांना इटालियनमध्ये दुसऱ्यांचे आवाज आहेत, क्विनला आर्नोल्दो फोआ या नटाचा. इंग्लिश डब केलेली कॉपीही मिळते, तिच्यात क्विन आणि बेसहार्ट स्वतःच्या आवाजात आहेत पण मासिनाचा आवाज दुसरीचा आहे. म्हणजे इटालियन बघाल तर जेल्सोमिना खरी ऐकू येते आणि झांपानो उसना, इंग्लिश बघाल तर उलटं, आणि दोन्ही कॉप्या लागोपाठ बघितल्या तर आपण कुणाच्या बाजूला कलतो त्यात खरंच फरक पडतो. क्विनचा स्वतःचा आवाज फोआपेक्षा मऊ आहे, त्यामुळे इंग्लिशमध्ये झांपानोची दया जरा लवकर येते. मी इटालियनच बघायला सांगतो, सबटायटल लावून. जेल्सोमिनाला अख्ख्या सिनेमात आधीच कमी बोलायला मिळतं, निदान तेवढं तरी तिच्याच आवाजात असू दे.